पोरगं २१ चं झालं, लायसन नको म्हणतंय. गाडीची हौस संपली का?

घाटमाथा | शनिवार, रात्री १०:४२

आज घरात ठिणगी पडली, म्हणून हा धागा.

चिरंजीव २१ पूर्ण झाले. गेली तीन वर्षं मी मागे लागलोय, लर्निंग काढ, लर्निंग काढ. आता तर त्यासाठी आरटीओची पायरीही चढावी लागत नाही, घरबसल्या परीक्षा देता येते. उत्तर ठरलेलं असायचं, "बघू." आज जेवताना पहिल्यांदा "मला नकोच आहे" असं आलं.

बरं, गाड्यांचं वावडं म्हणावं तर तेही नाही. फॉर्म्युला वनची शर्यत लागली की ताटातली पोळी वाळते. कुणी कुठल्या टायरवर किती लॅप काढल्या हे तोंडपाठ. कॉम्प्युटरला स्टिअरिंग जोडून नुरबर्गरिंगचा जवळपास २१ किलोमीटरचा जुना ट्रॅक असा मारतो की बघत राहावं. आणि सोसायटीत दोन खांबांच्या मधून आमची गाडी रिव्हर्स काढायची वेळ आली की "बाबा, तूच काढ ना."

माझ्या वडिलांनी १९८६ साली साताऱ्यात एका डॉक्टरांची जुनी पद्मिनी (तेव्हाची फियाट गाडी) घेतली. गियर स्टिअरिंगला, पुढे सलग बाकडं, त्यावर आम्ही तिघं. उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, नाहीतर गाडी आचके देऊन बंद. (पंप म्हणजे इंजिनाजवळचा, रस्त्याकडेचा नव्हे. तरुण मंडळींसाठी खुलासा.) फडकं ओलं करून देणं हे माझं खातं, वय १२. सकाळी चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, हे वडिलांनी कधी शिकवलं नाही, मी नुसता बघत असे. १५ व्या वर्षी सैनिक स्कूलच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी स्टिअरिंग हातात दिलं. आज असं केलं तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री मी जेवलो नव्हतो. भूकच नव्हती.

१९९७ ला स्वतःच्या पगारातून मारुती ८०० घेतली. अजून आहे, सोसायटीत कव्हर घालून उभी. विकवत नाही.

तुमच्याकडे काय परिस्थिती? माझंच पोरगं असं, की सगळीकडे हीच हवा?

चहा_बशीत | शनिवार, रात्री १०:५०

जागा धरून ठेवतो. उद्या सविस्तर.

अर्धंतिकीट | शनिवार, रात्री ११:३१

काका, मी २४. हिंजवडीत नोकरी. तुमच्या चिरंजीवांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका.

साधा हिशोब मांडतो. बरी हॅचबॅक रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख. १ लाख मी घातले, ७ लाख कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं. हप्ता १४,५०० च्या पुढे. हातात पगार येतो ४२ हजार. खोलीभाडं, डबा, घरी पाठवायचे पैसे गेले की हप्त्यापुरतं उरतं, पेट्रोलपुरतं उरत नाही. आणि विकत घेऊन करायचं काय? सकाळी दुचाकीवर मी फटीफटीतून ऑफिसला पोचतो तेव्हा माझे टीम लीडर अजून भूमकर चौकात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये असतात. त्यांची गाडी १८ लाखांची. दुचाकीवर बसून त्यांच्याकडे बघितलं की हौस बिऊस काही वाटत नाही, दया येते.

गोव्याला गेलो की चौघांत मिळून गाडी भाड्यानं घेतो. चार दिवस चालवली, परत केली. तेवढी हौस मला पुरते.

फिटरदादा | रविवार, सकाळी ७:०५

३० वर्षं गॅरेज हाय माझं, कोल्हापुरात. नाद संपला म्हणणाऱ्यानं एक दिवस येऊन माझ्या दारात बसावं. यामाहा आरएक्स १००, १९९६ ला बनायची बंद झाली. ती घेऊन २० वर्षांचं पोरगं येतंय. गाडीचं वय पोरापेक्षा जास्त. म्हणतंय, दादा, सायलेन्सर ओरिजिनलच पायजे. दोन-दोन महिने थांबतंय एका पार्टसाठी. जेवायचे पैसे वाचवून आणतंय. याला काय म्हणायचं मग?

पण चारचाकीचं वेगळं झालंय, ते मान्य. पूर्वी बॉनेट उघडलं की सगळं समोर. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, प्लग. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) नसलं तर पोस्टकार्ड घालून पॉइंटचा गॅप धरायचो आम्ही. मालकाचं पोरगं शेजारी उभं राहून पाना देत-देत शिकायचं. आता बॉनेट उघडलं की वर काळं प्लास्टिकचं झाकण. त्याखाली काय बिघडलंय ते मलाच स्कॅनर लावल्याशिवाय कळत न्हाई, पोराला काय डोंबल कळणार? काही बदल करून घ्यावा म्हणलं तर तेही बेकायदा. सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगून टाकलंय, कंपनीनं जशी बनवली त्यात फेरफार चालणार न्हाई. मग पोरगं काय करतंय, मोबाइलवर दुसऱ्याची गाडी बघत बसतंय.

घाटमाथा, तुमची ८०० कार्बोरेटरवाली का?

घाटमाथा | रविवार, सकाळी ७:४०

हो दादा, कार्बोरेटरवालीच.

द्राक्षवेल | रविवार, सकाळी ९:१८

सगळा धागा चिरंजीव, पोरगं, पोरं. मुलींचं कुणी विचारलंच नाही, म्हणून लिहिते.

नाशिक. माझ्या भावाला बाबांनी १६ व्या वर्षी मैदानावर नेऊन शिकवलं. मला सांगितलं, "तुला काय गरज? दादा सोडेल ना." दादा सोडायचा, पण त्याच्या वेळेवर आणि त्याच्या तोंडाकडे बघून. २२ व्या वर्षी नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशानं ड्रायव्हिंग स्कूल लावलं. १५ दिवसांत वाटलं, अरे, जमतंय की, गाडी एकदाही बंद पडली नाही. १६ व्या दिवशी बाबांची गाडी घेतली आणि गेटमध्येच चार वेळा बंद पडली. तेव्हा कळलं की १५ दिवस क्लच सरच दाबत होते. त्यांच्या पायाखाली वेगळा सेट असतो ना!

मग मीच शिकले. पहाटे, एकटी, त्र्यंबक रोडला. आज जुनी घेतलेली मॅन्युअल हॅचबॅक आहे, महिन्यातून दोनदा कसारा घाट उतरून ठाण्याला जाते-येते. चढावर पुढचा ट्रक थांबला की हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची आणि मागे इंचभरही जाऊ द्यायची नाही, यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशात येत नाही. तेवढ्यात शेजारून एखादा काच खाली करून "मॅडम, जमतंय का?" विचारतो. जमतंय हो. तुम्ही पुढे बघा.

समृद्धीवरही नेली. गेल्या जूनपासून, म्हणजे २०२५ पासून, इगतपुरीकडचा शेवटचा टप्पाही सुरू झालाय, ७०१ किलोमीटर सलग. एकदा नागपूरपर्यंत गेले. खरं सांगू? कंटाळा आला. सरळ, सरळ, सरळ. तिथे चालवायचं काही नाही, जागं राहायचं फक्त.

चहा_बशीत | रविवार, सकाळी ९:३०

द्राक्षवेल +१. सर आणि क्लच वाचून चहा नाकातून आला. आमच्या सरांनी तर मला एकदा सिग्नलला टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या, "बघ, किती स्मूथ." मी हुरळलो होतो.

बेरीज_वजाबाकी | रविवार, सकाळी १०:०२

भावना बाजूला ठेवू. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. आजवरचा तोपर्यंतचा उच्चांक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कुठे संपली हौस? रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही आणि तुम्ही श्रद्धांजली वाहताय.

अर्धंतिकीट | रविवार, सकाळी १०:२०

> कुठे संपली हौस?

विक्री म्हणजे हौस नव्हे हो. त्या ४३ लाखांत जवळपास ६५ टक्के एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या आहेत. आमच्या ऑफिसात ज्यांनी अशा घेतल्या त्यांना विचारा का घेतली. "रोड प्रेझेन्स." "सनरूफ मुलांना आवडतं." "खड्डे लागत नाहीत." चालवायला मजा येते म्हणून घेतली असं सांगणारा एकही भेटला नाही. २०१४ ला सेलेरिओबरोबर स्वस्तातली एएमटी (गियर आपोआप बदलणारी) आली, तेव्हापासून ज्याला परवडतं तो क्लचपासून सुटका करून घेतो. आणि त्यात चूक काय? पण मग ती फ्रिज घेतल्यासारखी खरेदी झाली. किती लिटरचा, किती दारं, हप्ता किती.

बेरीज_वजाबाकी | रविवार, सकाळी १०:३१

तुमच्या काकांनी ८०० घेतली तेव्हा तरी काय चालवण्याच्या मजेसाठी घेतली होती? पावसात भिजायला नको म्हणून घेतली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० आली तेव्हा ती ५० हजारांच्या आत होती, फियाट-अ‍ॅम्बॅसेडरला कंटाळलेल्यांनी उड्या मारल्या. त्याच्याही आधी बजाजची चेतक नंबर लावून वर्षानुवर्षं मिळत नसे. मिळत नव्हतं म्हणून किंमत होती. तुम्ही टंचाईला हौस म्हणताय.

घाटमाथा | रविवार, सकाळी ११:१५

हे मात्र लागलं. विचार करतो.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १२:४०

पुण्या-मुंबईच्या लोकांनी आपल्या सोसायटीच्या गेटाबाहेर डोकं काढावं ही विनंती. आमच्या सांगली भागात बैलगाडा शर्यतीला पहिलं बक्षीस थार असते. बैल पळवून थार जिंकायची! नाशिकच्या कारखान्यात बनलेली गाडी खिलार बैलांनी कमवायची, याच्यापेक्षा मोठी हौस कुठली दाखवू? जिंकलेल्या गाडीची गावभर हळदीकुंकू लावून मिरवणूक, आणि चालवायला १८ ते २५ ची पोरं रांगेत. त्यांना कोणी विचारत नाही की आवड आहे का. वडिलांचा ट्रॅक्टर ते शाळेत असल्यापासून मागे-पुढे करत आलेत, ट्रॉलीसकट रिव्हर्स घेतात. ट्रॉलीसकट! तुमचे खांब त्यांना चिल्लर.

(ट्रॅक्टरलाही लायसन लागतं, माहीत आहे. हलके घ्या.)

पाऊलवाट | रविवार, दुपारी १:२५

मी कल्याणीनगरपासून दोन गल्ल्या सोडून राहते. मे २०२४ ची ती रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. १७ वर्षांचा मुलगा, कोट्यवधींची गाडी, आणि दोन तरुण इंजिनियर जागच्या जागी गेले. माझी मुलगी तेव्हा १७ चीच होती. तिनं आपणहून सांगितलं, आई, मला इतक्यात गाडी शिकायची नाही. मी आग्रह केला नाही.

तेव्हा "हौस" हा शब्द वापरताना जरा जपून. मुलं घाबरत असतील तर ती शहाणी आहेत असंही असू शकतं.

फिटरदादा | रविवार, दुपारी २:१०

ताई, बरोबर. पण ज्याला गाडीचा नाद असतो तो गाडी जपतो, तिला ठोकत न्हाई. ठोकतो तो माजानं. नाद आणि माज यात फरक हाय. माझ्याकडं दोन्ही गिऱ्हाईकं येतात. पहिला विचारतो, दादा, आवाज कुठनं येतोय. दुसरा विचारतो, दादा, आवाज वाढवता येईल का.

योकोहामाकर | रविवार, दुपारी ३:५०

जपानात १६ वर्षं झाली. इथे या गोष्टीला नावच आहे, "कुरुमा बानारे", गाडीपासून दुरावणं. टीव्हीवर चर्चा व्हायच्या की आजकालच्या पोरांना गाडी नको झालीय, टोयोटाच्या देशात हे काय चाललंय. इथली तरुण मंडळी त्यावर हसतात. टोकियोत गाडी नोंदवायची तर आधी पार्किंगची जागा असल्याचा पोलिसांकडचा दाखला लागतो. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी, तिला बऱ्यापैकी खर्च. आणि दाराबाहेर दर तीन-चार मिनिटांनी ट्रेन. कोण घेईल?

तेच टोकियो सोडून गावाकडे जा. ६६० सीसीच्या डबीएवढ्या केई कार घराघरात, आजीबाईसुद्धा चालवतात. तिथे दुरावणं वगैरे काही नाही, कारण दुसरा मार्गच नाही.

गंमत म्हणजे लायसन मात्र बरेच विद्यार्थी सुट्टीत काढतात. दोन-एक आठवड्यांची निवासी शिबिरं असतात, राहणं-जेवण-गाडी सगळं एकत्र. त्यातले बहुतेक फक्त ऑटोमॅटिकचं लायसन घेतात. मग ते पाकिटात ओळखपत्र म्हणून राहतं. माझ्या ऑफिसातल्या एका मुलानं लायसन मिळाल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्याला शिबिरातलं जेवण मात्र आठवतं.

गारठलेली | रविवार, संध्याकाळी ६:०५

न्यू जर्सीतून. अमेरिकेतही तेच रडगाणं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात निघालं होतं की १९८३ मध्ये १६ वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्क्यांकडे लायसन होतं, २०१४ पर्यंत ते २४-२५ टक्क्यांवर आलं. माझ्या मुलीचंही "नंतर बघू" चाललं होतं. मैत्रिणींना भेटायला बाहेर पडावंच लागत नाही, सगळ्या फोनमध्ये असतात. मग हायस्कूल संपता-संपता मी तिला न्यायला-आणायला जाणं बंद केलं. दूध आणायलाही इथे गाडी लागते. काही महिन्यांत लायसन आलं. आवड वगैरे काही नाही, दूध संपलं होतं.

घाटमाथा | रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. दुपारी चिरंजीवांना सरळ विचारलं, पैशाचा प्रश्न आहे का, भीती वाटते का, ट्रॅफिकचा कंटाळा आहे का. तो म्हणाला, "खरं सांगू का? रागावू नकोस."

मग जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो.

"बाबा, मी १५ वर्षं मागच्या सीटवर बसलोय. गाडी चालवणं म्हणजे काय, ते मी तिथून बघितलंय. तू घरात कुणाला शिवी देत नाहीस. गाडीत बसलास की राजाराम पुलापासून सुरू होतोस. रिक्षावाला, बसवाला, दुचाकीवाली, सगळे. आई दारावरची कडी धरून बसते. आजीकडे पोचलो की पहिली १५ मिनिटं तुझ्याशी कुणी बोलत नाही, हे तुला माहितीये का? तू आजोबांना बघून शिकलास. मी तुला बघून ठरवलं."

मी म्हटलं, अरे, खंबाटकीत मी किती मजेनं... तर म्हणे, "खंबाटकीची गोष्ट तू शंभरदा सांगितलीस. मला घाट म्हणजे तू ट्रकच्या मागे अडकलायस आणि हॉर्न वाजवतोयस, एवढंच आठवतं."

बायको स्वयंपाकघरातून काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कळतं.

माझ्या वडिलांच्या काळी सातारा ते पुणे रस्त्यावर गाड्या किती होत्या? समोरून एखादी आली तर ओळखीची निघायची. त्यांना चिडायला कारणच नव्हतं. पण हे त्याला सांगून काय उपयोग? तो जे बघत होता ते खरंच होतं.

द्राक्षवेल | रविवार, रात्री १०:३३

आई गं.

माझ्या बाबांचंही सेम आहे, पण मला ते "आता मी चालवून दाखवते" असं लागलं. प्रत्येकाचं वेगळं.

अर्धंतिकीट | रविवार, रात्री १०:४०

काका, तुम्ही हे इथे लिहिलंत याचं कौतुक वाटलं. आमच्या घरी असं कोणी कबूल करणार नाही. आमच्याकडे दोष नेहमी दुचाकीवाल्याचा असतो.

बेरीज_वजाबाकी | रविवार, रात्री १०:५५

मी सकाळी जरा जास्त टोचून बोललो. माझ्या मुलीला विचारायला हवं, ती मागच्या सीटवरून काय बघते. विचारणार नाही, पण विचारायला हवं.

गारठलेली | रविवार, रात्री ११:१०

एक सुचवू? पहाटे ५ ला निघा, ताम्हिणीकडे. पौड ओलांडलं की रस्ता मोकळा मिळतो. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. पण त्याआधी त्याला लर्निंग काढू दे. आणि शेजारी बसून पायानं काल्पनिक ब्रेक दाबू नका, मुलांना तो दिसतो. अनुभवाचे बोल.

फिटरदादा | सोमवार, सकाळी ७:२०

मी सांगतो ते करा. नवी गाडी देऊ नका शिकायला. ती ८०० बाहेर काढा. किती दिवस उभी हाय? पासिंग हाय का?

घाटमाथा | सोमवार, सकाळी ८:०२

२०२२ ला पाच वर्षांचं नूतनीकरण केलं होतं, म्हणजे २०२७ पर्यंत आहे. विमा संपलाय. त्यानंतर एक-दोनदा सोसायटीतल्या सोसायटीत फिरवली असेल, बाकी उभीच.

फिटरदादा | सोमवार, सकाळी ८:१५

मग चार वर्षं धरा. डायरेक्ट चावी मारू नका! टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ते सडलेलं असणार. कार्बोरेटर खोलून धुवा, जेट चोक झालेली असतील. बॅटरी गेली म्हणून समजा. ब्रेकचे सिलिंडर जाम असतील, चाक हातानं फिरतंय का बघा. क्लच केबल बदलाच, स्वस्त असते. टायरला चिरा दिसल्या तर त्यावर रस्त्यावर नेऊ नका. जवळचा जुना मिस्त्री गाठा, साठीच्या पुढचा, तरुणाला त्या गाडीचं काम येत न्हाई. आणि हे सगळं करताना पोराला शेजारी उभा करा. पाना देऊ दे. लायसनचं नंतर बघू. पहिला विमा काढा, मग रस्त्यावर.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८:३०

टोचन करून न्यावी लागली तर दोरीनं नेऊ नका, पुण्यात पकडतील. ट्रॉलीवर न्या.

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:४८

अपडेट. संध्याकाळी चिरंजीवांना म्हटलं, ८०० सुरू करून बघू या का? तो चक्क उठला. म्हणाला, कार्बोरेटर त्यानं फक्त व्हिडिओत बघितलाय. खाली गेलो, दोघांनी मिळून कव्हर ओढलं.

पुढच्या चाकाजवळ मांजरीनं पिल्लं घातलीत. चार आहेत, डोळे अजून मिटलेले. मांजर आमच्यावर फिस्कारली. आम्ही कव्हर होतं तसं परत घातलं. आता महिनाभर तरी गाडी जागची हलत नाही.

चहा_बशीत | सोमवार, रात्री ९:५२

फोटो टाका!

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:५५

गाडीचा की पिल्लांचा?